पुसू नको

मुलीचं खोडरबर महिनाभरही टिकत नसे. वर्गातल्या बाकीच्यांच्या पेन्सिली आधी संपायच्या, हिचं रबर आधी संपायचं. आठवीतली मुलगी. तिची गणिताची वही उघडली की पानोपानी पांढुरके डाग दिसत. काही ठिकाणी तर खोडून खोडून कागद आरपार गेलेला असे.

आधी असं नव्हतं. एकदा फळ्यावर गणित सोडवताना तिचं उत्तर चुकलं आणि सगळा वर्ग हसला. हसून विसरूनही गेला. ती विसरली नाही. खात्री असल्याशिवाय लिहायचं नाही, असं तिनं त्या दिवशी मनाशी ठरवलं. पण पहिली ओळ लिहिण्याआधीच शेवटच्या ओळीची खात्री कुणाला असते? ती एक आकडा लिहायची, त्याकडे बघायची आणि पुसायची. दुसरा लिहायची, तोही पुसायची. वार्षिक परीक्षेत तिनं गणिताच्या पेपरात दीड पान कोरं सोडलं. तिला येत नव्हतं असं नाही. येत होतं ते बरोबर आहे की नाही, एवढंच तिला ठरवता आलं नाही.

वरणगावातल्या जुन्या वस्तीत त्यांचं घर होतं. घरात आजी, आबा, आई-बाबा आणि ही. बाबांची गावाबाहेर केळीची बाग होती, फार मोठी नाही. आबा फॅक्टरीतून निवृत्त झालेले. चीनच्या युद्धानंतर १९६० च्या दशकात वरणगावला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि आजूबाजूच्या कितीतरी घरांतली शेतकऱ्यांची पोरं त्यात कामगार झाली. आबा त्यांच्यातलेच एक. पस्तीस वर्षं त्यांनी लेथवर टर्नरचं काम केलं. आता गुडघे दुखायचे, म्हणून ओसरीवरच्या खाटेवर बसून असायचे. खाटेजवळ भिंतीत एक फळी होती आणि फळीवर मोजकी पुस्तकं.

त्यातलं एक पुस्तक त्यांनी खाकी कागदाचं वेष्टन घालून ठेवलं होतं. भास्कराचार्यांची लीलावती. ना. ह. फडके यांनी मराठीत समजावून सांगितलेली, १९७१ साली निघालेली. नोकरीच्या पहिल्या वर्षी आबांना ती भुसावळला रद्दीच्या दुकानात मिळाली होती. शिक्षण आयटीआयपर्यंतच झालेलं. पुस्तकातलं निम्मं त्यांना पहिल्यांदा समजलं नव्हतं. दुसऱ्यांदा थोडं जास्त समजलं. असं करत ते पुस्तक त्यांच्याबरोबर म्हातारं झालं.

उन्हाळ्याची सुट्टी लागली. खान्देशातली दुपार म्हणजे अकरानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दारं लोटलेली, पंख्याचा वारासुद्धा गरम. आजी आत निजलेली. मुलगी ओसरीवर आली तेव्हा आबा पुस्तक उघडून बसले होते.

“एक गोष्ट सांगतो,” आबा म्हणाले. “एका भक्तानं कमळांचा ढीग आणला. त्यातला तिसरा हिस्सा शंकराला वाहिला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला आणि चौथा देवीला. उरली सहा कमळं. ती त्यानं गुरूच्या पायाशी ठेवली. तर ढिगात कमळं किती होती?”

मुलीनं वही घेतली, पेन्सिल घेतली, रबर घेतलं. मग नुसतीच बसून राहिली.

“काहून थांबली?”

“किती घ्यायची तेच कळत नाही, आबा.”

“कितीही घे. तुला आवडेल तो आकडा.”

“असा कुठलाही कसा घेऊ? बरोबर पाहिजे ना?”

“बरोबर आकडा आधीच माहीत असता तर गणित काहून मांडलं असतं?”

मुलीला हे पटलं नाही, पण आबांचं मन मोडवेना. तिसरा, पाचवा, सहावा, चौथा असे सगळे हिस्से पूर्ण निघावेत म्हणून तिनं साठ धरले. शंकराची वीस, विष्णूची बारा, सूर्याची दहा, देवीची पंधरा. झाली सत्तावन्न. उरली तीन.

“चुकलं,” ती म्हणाली आणि तिचा हात रबराकडे गेला.

आबांनी वहीवर आपला तळवा ठेवला. मोठा, जाड कातडीचा तळवा. सगळं पान त्याखाली झाकलं गेलं.

“पुसू नको, माय. किती चुकलं ते आधी वाच.”

“तीन उरली. सहा उरायला पाहिजे होती.”

“तीन उरली, सहा पाहिजे होती. मग तुझा ढीग केवढा लहान पडला?”

पंखा फिरत राहिला. मुलीनं आकड्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “निम्मा.”

“आता?”

“एकशेवीस!” तिनं घाईघाईनं मांडून पाहिलं. चाळीस, चोवीस, वीस आणि तीस. एकशेचौदा. उरली सहा. नेमकी सहा.

आबांनी हात काढून घेतला. “याला इष्टकर्म म्हणतात,” ते म्हणाले. “इष्ट म्हणजे आपल्या मर्जीचा आकडा. मर्जीनं धरायचा, शेवटपर्यंत न्यायचा आणि किती कमीजास्त आलं ते मोजायचं. तुझे साठ चुकीचे होते. पण ते पुसले असते तर एकशेवीस कुठून आले असते?”

मुलगी काही बोलली नाही. साठच्या आकड्याकडे मात्र ती बराच वेळ बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन आली. रबर घरात ठेवून आली असं नाही, हातातच होतं. आबांनी तिला वेळूचं गणित घातलं. बत्तीस हात उंच वेळू वाऱ्यानं मोडला. त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो कुठून मोडला?

मुलीनं चित्र काढलं. उभा तुकडा, तिरपा तुकडा, खाली सोळा हात जमीन. काटकोन त्रिकोण झाला, तो तिला शाळेत माहीत झाला होता. तिनं धरलं, दहा हातांवर मोडला. मग तिरपा तुकडा बावीस हातांचा. दहाचा वर्ग आणि सोळाचा वर्ग मिळून ३५६. बावीसचा वर्ग ४८४. जुळलं नाही. ती दुप्पट-निम्मं करू लागली, तेही जुळेना.

“इथं तसं होणार नाही,” आबा म्हणाले. “कमळांच्या ढिगात सगळं एका प्रमाणात वाढत होतं. वर्ग आला की ते प्रमाण राहत नाही. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लावायची नसते. पण तुझा दहा काही सांगतो का, ते बघ.”

मुलीनं पाहिलं. “तिरपा तुकडा फार लांब झालाय. म्हणजे वेळू दहाच्या वर मोडला असला पाहिजे.”

“मग वर जा.”

तिनं चौदा धरले. तिरपा तुकडा अठरा, त्याचा वर्ग ३२४. दुसऱ्या बाजूला ४५२. आता उलटं झालं होतं. तिरपा तुकडा कमी पडला. “म्हणजे चौदाच्या खाली,” ती म्हणाली. “दहाच्या वर आणि चौदाच्या खाली.” मग तिनं बारा धरले. १४४ आणि २५६ मिळून ४००. वीसचा वर्ग ४००. वेळू बारा हातांवर मोडला होता.

भास्कराचार्यांनी याची थेट रीत दिली आहे. आबांनी ती नंतर दाखवली. एका दमात उत्तर देणारी, देखणी रीत. पण मुलीला आपले दहा, चौदा आणि बाराच जास्त आवडले. त्या पानावर तिनं काहीही पुसलं नाही.

“आबा, तुम्हाला हे सगळं पुस्तकातून कळलं?”

“कळलं लेथवर,” आबा म्हणाले. “नाव पुस्तकातून कळलं.”

आणि त्यांनी सांगितलं. समजा पंचवीस मिलिमीटर जाडीचा दांडा पाहिजे. नवशिका टर्नर थेट पंचवीसवर जायला बघतो आणि जरा जास्त कापून बसतो. कापलेलं लोखंड परत चिकटत नाही, तुकडा भंगारात जातो. जुना कारागीर तसं करत नाही. तो आधी जाणूनबुजून जाड ठेवतो. हलका कट घेतो, मशीन थांबवतो, मायक्रोमीटर लावतो. २५.३८ आलं. पंचवीस काही आलं नाही. पण अडतीस शतांश जास्त आहे हे आता नक्की कळलं. आता तेवढंच कापायचं. “माझ्या उस्तादानं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं. पहिला कट उत्तरासाठी नसतो, मोजण्यासाठी असतो. पुढं लीलावती वाचताना इष्टकर्म आलं आणि मला एकदम उस्तादच आठवला.”

मग त्यांनी तिला पाटणची हकीकत सांगितली. आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचं ठाणं आहे. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे, शके ११२८ चा. म्हणजे सव्वाआठशे वर्षांच्या आसपासचा. भास्कराचार्यांनी ११५० साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी आपला मोठा ग्रंथ पुरा केला. लीलावती त्यातलीच. त्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ पोरांनी शिकावेत म्हणून त्यानं पाटणला मठ काढला आणि त्या भागावर राज्य करणाऱ्या निकुंभ घराण्यानं त्याला दान दिलं. शिलालेखात हे सगळं कोरलेलं आहे. तो वाचून जगापुढं आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. “तापी-पूर्णेच्या संगमावरचे आपले चांगदेव निराळे,” आबांनी बजावलं. “ते योगी. हा गणितवाला.”

“म्हणजे आजोबांचं पुस्तक नातवानं शिकवलं,” मुलगी म्हणाली.

“हो.”

दोघंही थोडा वेळ गप्प बसले.

पुढचे दिवस असेच गेले. चार झरे एकत्र सोडले तर हौद किती वेळात भरेल, भुंग्यांच्या थव्यातला एकटा राहिलेला भुंगा धरून थवा केवढा, बिळाकडं पळणारा साप आणि खांबावरून झेपावणारा मोर कुठं भेटतील. कधी आबा पुस्तक मिटून ठेवत आणि देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा आकडा काढून दाखवत. शाळेत शिकवून उरलेला सगळा वेळ संख्यांशी खेळणारा तो माणूस. कुठलाही चार अंकी आकडा घ्यायचा, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं लावायचे, चढत्या क्रमानं लावायचे, मोठ्यातून लहान वजा करायचा. आलेल्या आकड्याला पुन्हा तेच. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतोच, आणि आला की तिथंच थांबतो. मुलीनं ३५२४ घेतला. ३०८७ आले, मग ८३५२, मग ६१७४. तिनं दुसरा आकडा घेतला, तिसरा घेतला. पाटीभर आकडे झाले. कुठूनही निघालं तरी चालतंय, हे तिला त्या दुपारी फार आवडलं.

खोडरबर हळूहळू कंपासपेटीतच राहू लागलं.

मे महिना अर्धा सरला. पारा पंचेचाळीसच्या वर गेला. बाबांच्या मृगबागेत घड भरत आले होते. अशा वेळी केळीला एक दिवस पाणी चुकलं तरी पानं माना टाकतात, आणि दोन-चार दिवस चुकलं तर वर्षाची कमाई जाते. नेमकी तेव्हाच विहिरीतली मोटार जळाली. बाबांनी ती वर काढली, भुसावळला नेऊन रिवाइंडिंग करून आणली, परत बसवली. बटण दाबलं. मोटार सुरू झाली. पण बागेत ठिबकच्या नळ्यांतून पाणी येईना. आलं तेही करंगळीएवढं.

बाबांचा जीव खाली-वर झाला. रिवाइंडिंग नीट केलं नसेल, असं शेजारी म्हणाले. मोटार परत वर काढायची म्हणजे पुन्हा माणसं, पुन्हा खर्च आणि आणखी दोन दिवस. रात्री जेवताना बाबांनी भाकरी अर्धी ठेवली.

“विहिरीवरचा वॉल्व्ह उघडून पाहिला का, बाबा?” मुलीनं विचारलं. “तिथं पाणी कसं आहे?”

बाबांनी तिच्याकडं पाहिलं. पाहिला नव्हता. घाबरलेल्या माणसाला सोपी गोष्ट शेवटी सुचते.

सकाळी आठला वीज आली. त्या आठवड्यात शेतीला दिवसाची वीज होती, आठ ते चार. मुलगी बाबांबरोबर शेतात गेली. वॉल्व्ह उघडला. पाण्याचा लोट असा आला की सालदार भिजला. म्हणजे मोटार ठीक होती. अडकलं होतं ते विहिरीपासून बागेपर्यंत पुरलेल्या पाइपात.

पाइप पुरताना बाबांनी वीस फुटी चौसष्ट नळ्या आणल्या होत्या, ते त्यांना पक्कं आठवत होतं. चौसष्ट नळ्या, गुडघ्यापेक्षा खोल, काळ्या मातीत. मे महिन्यातली काळी माती म्हणजे दगड. सगळी लाइन उकरायची तर आठवडा जाईल. आणि तोवर बाग?

बाबांनी कुदळ घेतली. बांधावरच्या निंबाजवळ पाइप वळला होता. मुळी घुसली असेल म्हणून त्यांनी तिथं खणलं. अर्धा-पाऊण तास गेला. सदरा अंगाला चिकटला. हॅक्सॉ ब्लेडनं पाइप कापला, सालदाराला मोबाइलवर सांगितलं, चालू कर. फसकन पाणी आलं. जोरात, गढूळ, खड्डाभर. इथं काहीच अडकलेलं नव्हतं.

बाबा खड्ड्याच्या काठावर मटकन बसले. “फुकट गेला,” ते म्हणाले. “खड्डा फुकट गेला.”

मुलगी खड्ड्यातल्या पाण्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांपुढं वहीवरचे साठ उभे राहिले, आणि त्यांच्यावर ठेवलेला जाड कातडीचा तळवा.

“फुकट नाही गेला, बाबा,” ती म्हणाली. “इथपर्यंत पाणी येतंय, हे कळलं.”

ती विहिरीकडं पळाली आणि पावलं मोजत परत आली. निंबापाशी विसावी नळी संपत होती. “या वीस नळ्या आता बघायच्याच नाहीत. राहिल्या चव्वेचाळीस. त्यांच्या मधोमध खणू.”

“मधोमधच कशाला? तिथं अडकलंय असं कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. तिथं नसेलच बहुतेक. पण ते कुठल्या बाजूला आहे, ते तिथून कळेल.”

बाबांना नीट उमगलं नाही. पण दुसरं काही सुचतही नव्हतं. आणि पोरीच्या आवाजात त्या दिवशी काहीतरी होतं, जे त्यांनी आधी ऐकलं नव्हतं.

आधीचा काप कपलरनं तात्पुरता जोडून मगच पुढचा खड्डा तपासायचा, असं ठरलं. बेचाळिसाव्या नळीपाशी खणलं. मोटार चालू केली. करंगळीएवढी धार. म्हणजे अडकलं होतं ते विसाच्या पुढं आणि बेचाळिसाच्या मागं. बांधावर बसून मुलीनं काडीनं मातीत रेघ ओढली, तिच्यावर दोन खुणा केल्या. मग एकतीस. तिथं पाणी फसकन आलं. एकतिसाच्या पुढं. मग छत्तीस. तिथं पुन्हा करंगळी. दुपारचं ऊन डोक्यावर आलं होतं. सालदारानं पंचा भिजवून डोक्याला गुंडाळला. आईनं भाकरी-ठेचा आणि ताक आणलं, ते निंबाखाली उभ्या उभ्याच खाल्लं. आता कुणी फुकट गेला म्हणत नव्हतं. प्रत्येक खड्ड्यानंतर सालदार मोबाइलवरून विचारायचा, “आता किती राहिल्या, ताई?”

“पाच.”

चौतीस. पाणी आलं. राहिल्या दोन नळ्या.

तीन वाजून गेले होते. पस्तिसावी नळी मोकळी केली आणि जोडाजवळून कापली. आत हात घालताच बाबांच्या बोटांना काहीतरी लागलं. त्यांनी ओढलं. गाळानं माखलेला कापडाचा बोळा निघाला. धुतला तर हिरव्या काठाचं जुनं लुगडं.

सालदार ते बघून कपाळाला हात लावून उभा राहिला. मोटार वर काढली तेव्हा पाइपात उंदीर-घुशी शिरू नयेत म्हणून त्यानंच तोंडाशी बोळा कोंबला होता. मोटार बसवायच्या गडबडीत काढायचा राहिला. पाण्यानं तो ढकलत ढकलत पस्तीस नळ्या पुढं नेला आणि जुन्या जोडाच्या खडबडीत कडेला अडकवून ठेवला.

तो काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, “सोल्युशन आण. जोड लावून घेऊ. वीज जायला थोडाच वेळ आहे.”

सहाही ठिकाणचे कपलर सोल्युशन लावून पक्के केले, सोल्युशन सुकू दिलं. चारला दहा मिनिटं होती तेव्हा मोटार सुरू केली. बाबा बागेत शिरले. पहिल्या खोडापाशी उकिडवे बसले. नळीच्या तोंडाशी थेंब जमला, फुगला, पडला. मागोमाग दुसरा. मग थेंब मोजता येईनासे झाले. दहाच मिनिटं पाणी चाललं, पण बाग वाचणार हे त्या दहा मिनिटांत कळलं.

इथं गोष्ट सांगणाऱ्यानं थोडं थांबून बोलायला हवं. भास्कराचार्यांच्या पुस्तकात पाइप नाही, मोटार नाही, केळीची बागही नाही. कमळं आहेत, भुंगे आहेत, वाऱ्यानं मोडलेला वेळू आहे. त्या मुलीला पुस्तकातलं कुठलंही उत्तर शेतात कामाला आलं नाही. कामाला आली ती सवय. काहीतरी धरून निघायचं, आणि धरलेलं चुकलं की लाजून पुसायच्या ऐवजी त्यालाच विचारायचं, तू कुठल्या बाजूला चुकलास, किती चुकलास. बुद्धी वाढवणारी म्हणून आपण मुलांना पुस्तकं आणून देतो आणि मग मागची उत्तरं बरोबर आली का तेवढंच तपासतो. मला वाटतं, तपासायचं ते अलीकडचं पान. त्याच्यावर चुकलेले आकडे शाबूत आहेत की खोडून कागदच फाटलाय, एवढं बघितलं तरी पोर विचार करायला शिकतंय का ते कळतं. आणि फाटला असेल तर तो दोष पोराचा नसतो. हसणारा वर्ग आपणच भरवलेला असतो. आठशे वर्षांपूर्वी एका नातवाला आजोबांच्या पुस्तकासाठी मठ काढावासा वाटला, तो काही उत्तरं पाठ करून घेण्यासाठी नसावा.

संध्याकाळी ओसरीवर पाणी शिंपडलं होतं. मातीचा वास येत होता. आबा खाटेवर बसून वाट बघत होते. मुलीनं हातपाय धुतले, वही घेतली आणि त्यांच्याजवळ बसून दिवसभराचं सगळं मांडलं. एक लांब रेघ ओढली. एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला बाग. मधे चौसष्ट घरं. जिथं जिथं खणलं तिथं आकडा लिहिला आणि पाणी आलं की नाही ते लिहिलं. वीस, आलं. बेचाळीस, नाही. एकतीस, आलं. छत्तीस, नाही. चौतीस, आलं. पस्तीस, बोळा.

आबांनी चष्मा लावला. रेघेवरून बोट फिरवत ते शेवटपर्यंत गेले, मग परत मागं आले आणि विसावर थांबले.

“इथून आरंभ झाला?”

“हो.”

“हा खड्डा कुणी खणला?”

“बाबांनी.”

बाबा दाराशी उभे होते. तळहातांना फोड आले होते, त्यांवर आजीनं हळद लावून दिली होती. ते ऐकत होते.

“मग तिथं त्यांचं नाव लिही,” आबा म्हणाले.

मुलीनं पेन्सिलीला टोक केलं आणि विसाच्या आकड्याखाली, जागा थोडी होती म्हणून बारीक अक्षरात, बाबांचं नाव लिहिलं.